पुठ्ठ्याचा कॅमेरा

"मी सांगेपर्यंत हसायचं नाही."

हा बाबांचा आवाज. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा, पण माझ्या कानात अजून जसाच्या तसा ठेवलेला. बाबांकडे तेव्हा डब्यासारखा चौकोनी कॅमेरा होता. पोटाशी धरायचा आणि वरून आत डोकावायचं, विहिरीत पाणी किती आहे ते बघतात तसं. एका रोलमध्ये बारा फोटो, आणि रोल वर्षाला एक. त्यामुळे फोटो काढणं हे बाबांच्या लेखी ऑपरेशनच्या तोडीचं काम. आई, ताई आणि मी, आम्हाला ते भिंतीपाशी ओळीनं उभं करायचे आणि बजावायचे, मी सांगेपर्यंत हसायचं नाही. आधीपासून हसत राहिलं की हसू शिळं होतं, असं त्यांचं म्हणणं. मग ते खाली मान घालून काहीतरी फिरवायचे, उन्हाकडे बघायचे, दोन पावलं मागे जायचे, एक पुढे यायचे, आणि या सगळ्या धांदलीत सांगायचंच विसरायचे. खट्ट. झाला फोटो.

परिणामी आमच्या अल्बममधली सगळी माणसं दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखी दिसतात. ताई सहाव्या वर्षीच मुख्याध्यापिका वाटते. मी कोणत्याही वर्षी कोणीच वाटत नाही. आणि आई, जी दूध उतू गेलं तरी आधी हसायची आणि मग गॅस बंद करायची, ती आई प्रत्येक फोटोत ओठ घट्ट मिटून उभी आहे. तिला जाता-येता ओळी जुळवायची खोड होती. भांडी पुसता पुसता, बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणायची:

हसू माझ्या ओठी, दारी थांबलं पाहुणं,
आत ये म्हणेना, माझ्या घरचं शहाणं.

घरचं शहाणं तेव्हा पेपर वाचत असायचं. ऐकलं की नाही, कधी कळलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून बाबांनी कोणाचा फोटो काढला नाही आणि स्वतःचा काढू दिला नाही. कोणी कॅमेरा उचलला की त्यांना नळ चालू राहिल्याची आठवण होते. गेल्या नऊ वर्षांतल्या आमच्या प्रत्येक घरगुती फोटोत मधोमध एक रिकामी खुर्ची आहे. ते बाबा.

हे सगळं आधी सांगितलं, कारण नाहीतर तुम्हाला वाटेल की शहाण्यासुरत्या वयाचा एक गृहस्थ नुसता हौसेपोटी कॅमेरा घ्यायला निघाला. तसं नव्हतं. मला कॅमेरा हवा होता तो वाचनालयासाठी.

आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर सार्वजनिक वाचनालय आहे. तिथं पूर्वेच्या खिडकीजवळची तिसरी खुर्ची बाबांची. तशी ती वाचनालयाचीच, पण तिच्या डाव्या हाताचं पॉलिश बाबांच्या कोपरानं उडालेलं आहे, म्हणजे वहिवाटीनं त्यांची. आई गेल्यापासून ते रोज दहाला जातात, एकला येतात, चारला पुन्हा जातात, साडेसहाला येतात. चार वर्तमानपत्रं, एक शब्दकोडं आणि समोर बसणाऱ्या निवृत्त पोस्टमास्तरांशी शब्दकोड्यावरून एक अबोला, असा त्यांचा दिवस भरगच्च असतो. तर वाचनालयात नवे ग्रंथपाल आले आणि त्यांनी फर्मान काढलं की सर्व सभासदांना नवी कार्डं. अर्जासोबत अलीकडचा फोटो. तीस तारखेनंतर कार्डाशिवाय आत प्रवेश नाही.

बाबांनी अर्ज वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "तीस वर्षं वाचलं की. आता पुरे."

बायकोनं ते ऐकलं आणि स्वयंपाकघरात मला गाठलं. "अहो, बाबा त्या खुर्चीत बसायचे थांबले तर म्हातारे होतील हो."

बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. पण तिचं म्हणणं मला कळलं.

आधी मी जुना फोटो लावून पाहिला. वाचनालयात कार्डांचं काम बघणाऱ्या बाईंनी तो हातात धरला, त्यातल्या काळ्याभोर केसांकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, की फोटो तुमचा नको, वडिलांचा हवा. मग त्यांनी भिंतीवरची नियमांची यादी दाखवली. चेहरा समोर, दोन्ही कान दिसलेले, डोळे उघडे, आणि नियम क्रमांक सहा: चेहरा हसरा नसावा. वाचायला येणाऱ्या माणसानं हसू नये, हे मी समजू शकतो. शब्दकोडं ही गंभीर गोष्ट आहे.

"फोन आहे की," असं ज्यानं त्यानं सुनावलं. फोन होता. पण फोन उभा धरला की बाबांना पाठमोरं असूनही कळतं. एका दुपारी ते खुर्चीत पेंगत असताना मी फोननं कार्यभाग उरकला. माझ्या फोनला समाजसेवेची आवड आहे. तो न विचारता माणसांच्या सुरकुत्या काढतो. कार्डवाल्या बाईंनी फोटोवर पट्टी ठेवली आणि तीन गोष्टी सांगितल्या. डोळे मिटलेले आहेत. डावा कान नाही. आणि हे तुमचे वडील असतील तर तुम्ही त्यांचे मोठे भाऊ आहात का?

मी घरी येऊन आरशात पाहिलं. असो.

तेव्हा ठरलं की कॅमेरा हवा, आणि तो असा हवा की शर्टाच्या खिशात मावेल, कोणाच्या लक्षात येणार नाही, आणि क्षणार्धात बाहेर निघून काम करून परत आत जाईल. माझा जुना कॅमेरा काहीसा तसाच होता. अकरा वर्षं टिकला. मग एके दिवशी त्याची लेन्स बाहेर आली ती आत जाईचना. डॉक्टरांनी "आ करा" म्हटलं आणि "मिटा" म्हणायचं विसरले, अशा अवस्थेत तो टेबलावर पडून राहिला. दुरुस्तीवाल्यानं तो कानाशी नेऊन हलवला, आतली खुळखुळ ऐकली आणि माझ्या हातात परत दिला. म्हणाला, की साहेब, यानं पुष्कळ पाहिलं, आता याला काही बघायला लावू नका.

नवा घ्यायचा म्हटल्यावर सल्ले सुरू झाले. आमचा मेहुणा आयुष्यात स्वतःच्या अंगठ्याशिवाय कशाचाही फोटो काढू शकलेला नाही, परंतु कॅमेऱ्यातलं त्याला सगळं कळतं. त्यानं अकरा पानी मेसेज पाठवला आणि तो मी वाचणार नाही याची खात्री असल्यानं वर फोनही केला. "दाजी, फक्त सेन्सर बघा. बाकी सगळा देखावा." सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, झूम बघा, त्यांच्या ओळखीतला एकजण झूम लावून समोरच्या टेकडीवरच्या बकरीचे दात मोजतो. ते का मोजायचे, हे विचारलं की सेक्रेटरी दुखावतात. तळमजल्यावरच्या शिकवणीच्या बाई म्हणाल्या की वजन बघा, हलका कॅमेरा हलतो. लिफ्टवाला म्हणाला, जड कॅमेरा पडतो. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "एकच बटण असेल असा घ्या." सगळ्यांत शहाणा सल्ला हाच होता, म्हणूनच तो मी मानला नाही.

कारण माझी स्वतःची एक पद्धत आहे. मी खोक्यांच्या कारखान्यात नमुना विभागात काम करतो. साबण असो, बूट असो की शिलाई मशीन, माल बाजारात येण्याआधी त्याचं पुठ्ठ्याचं खोकं कसं दिसेल, घडी कुठे पडेल, हाताला कसं लागेल, हे मी नमुना करून दाखवतो. सव्वीस वर्षं झाली. आमच्याकडे एक म्हण आहे: आधी पुठ्ठा, मग पश्चात्ताप. म्हणजे पुठ्ठ्यात चूक झाली तर निभावतं. मी लग्नाआधी घराचा नमुना केला होता, पाळण्याचा केला होता. बायकोचं म्हणणं, माझाही कोणीतरी करून बघायला हवा होता.

तेव्हा मी तीन कॅमेरे निवडले, त्यांच्या माहितीपत्रकांतून लांबी, रुंदी, जाडी आणि वजन उतरवून घेतलं, आणि तीन पुठ्ठ्याचे कॅमेरे केले. केले म्हणजे असे, की ज्याचं नाव ते. वरून काळा खरखरीत कागद. लेन्सच्या जागी औषधाच्या बाटलीची झाकणं. वजन जुळावं म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून आत वाळू. तीन जुनी बॉलपेनं मोडून त्यांची खटका असलेली टोकं आत बसवली आणि खटक्यांवर बटणं चिकटवली. दाबलं की "टिक". बटणं आमच्या घरी पिढीजात आलेल्या बटणांच्या डब्यातून घेतली: एक काळं, एक शिंपल्याचं, एक तपकिरी चार भोकांचं. काम झाल्यावर मी तिन्ही कॅमेरे खिडकीत ओळीनं ठेवले आणि चहा पीत बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसलो. देवानं माणूस केला तेव्हा त्यालाही असंच वाटलं असेल, फक्त त्याच्याकडे काटा नसावा.

मग चाचण्या. प्रत्येक कॅमेरा खिशात घालून दोन दोन दिवस वावरायचं: वाकून, बसून, जिना चढून.

पहिला जरा जाड निघाला. शर्टाच्या डाव्या खिशात तो असा उठून दिसायचा की दुसऱ्या दिवशी कारखान्यात बातमी पसरली, माझ्या छातीत यंत्र बसवलंय. मॅनेजरांनी स्वतः येऊन मला बसायला खुर्ची दिली. छपाई खात्यातला एकजण, जो माझ्याशी चार वर्षं बोलत नव्हता, त्यानं माझा हात हातात घेतला आणि झालं गेलं विसरू म्हणाला. आता यंत्र नाही, पुठ्ठा आहे, असं सांगून इतकं प्रेम कोण परत करील? मी क्षीण हसलो. तो कॅमेरा बाद.

दुसरा धुण्यात गेला. बायकोनं शर्ट मशीनमध्ये टाकला, मशीननं अर्धा तास त्याचे फोटो काढले, आणि नंतर आठवडाभर आमचे सगळे कपडे समुद्रकिनाऱ्यावरून आल्यासारखे खरखरत होते. बाबा जेवता जेवता पाठ खाजवायचे आणि हवा कोरडी झालीय म्हणायचे.

तिसरा मात्र कुलुपात किल्ली जावी तसा खिशात गेला. ना फुगवटा, ना ओझं. हाच तो, असं मनाशी ठरवून मी रविवारी सकाळी तो घेऊन खाली उतरलो, खिशातून काढायचा आणि डोळ्याशी न्यायचा सराव करावा म्हणून. आणि तिथं सेक्रेटरींनी मला पाहिलं.

सोसायटीनं त्या आठवड्यात पाण्याचा नवा पंप बसवला होता. सेक्रेटरी पंपापाशी उभे होते, मूल झालेल्या माणसाच्या चेहऱ्यानं. "आणलात का नवा?" म्हणत ते पुढे आले, कॅमेऱ्याकडे कौतुकानं पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत कमिटीला हाका मारल्या. मी सांगणारच होतो. पण तोवर खजिनदार बनियनवर शर्ट घालून आले होते, दोन सभासदांनी नळाखाली केस ओले करून भांग पाडला होता, आणि शिकवणीच्या बाईंनी पंपाच्या पाइपला रिबीन बांधली होती. ओल्या केसांच्या माणसांना सत्य सांगणं सोपं नसतं. सातही जण पंपाभोवती उभे राहिले. सेक्रेटरींनी एक हात पंपावर ठेवला.

मी वाळूचा कॅमेरा डोळ्याशी नेला. टिक.

"अजून एक घ्या, माझे डोळे मिटले," खजिनदार म्हणाले.

टिक.

वर पाहिलं तर आमच्या गॅलरीत बाबा पेपर वाचत उभे होते. पेपर थरथरत होता. मला वाटलं, वारा.

संध्याकाळपासून फोटो कधी मिळणार, हे विचारायला माणसं येऊ लागली. मी एडिटिंग चालू आहे म्हणून सांगितलं. आज त्याला दोन महिने झाले. सेक्रेटरी अजून जिन्यात भेटले की आदरानं विचारतात, की झालं का. त्यांचा समज झालाय की इतका वेळ लागतोय म्हणजे काम फार वरच्या दर्जाचं असणार.

पण खरा नवल वाटण्याचा प्रकार दुसऱ्या दिवशी घडला. सकाळी नऊला, वाचनालयात जायच्या आधी, बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, चष्मा पुसून लावला आणि मला म्हणाले, "तो तुझा नवा कॅमेरा आण बघू. काढ एक."

मी आधी भिंतीला हात टेकवला. मग कॅमेरा आणला. बाबा समोर बघत होते, दोन्ही कान जागच्या जागी, डोळे उघडे. नऊ वर्षांनी. टिक.

"बरा आला?" त्यांनी विचारलं.

"फार छान," मी म्हणालो.

त्या दिवसापासून हा रोजचा कार्यक्रम झाला. कधी पेपर हातात घेऊन, कधी बाजूनं, एकदा तर दाढीचा साबण अर्ध्या गालावर असताना. मी टिक करायचो, ते कॅमेऱ्याकडे बघत क्षणभर थांबायचे, आणि मग चपला घालून वाचनालयात जायचे. जाताना जरा ताठ चालायचे. बायको दारातून बघायची आणि ते गेले की डोक्याला हात लावायची.

"नऊ वर्षांनी माणूस फोटोला बसला," ती म्हणाली, "आणि तुमच्या कॅमेऱ्यात वाळू."

आता तुम्ही म्हणाल, त्या पुठ्ठ्यात फोन बसवायचा होता. हे मला आज सुचतंय. तेव्हा सुचलं असतं तर गोष्ट दीड पानात संपली असती आणि माझी अब्रूही थोडी शिल्लक राहिली असती. मला सुचलं ते असं, की अगदी असाच दिसणारा खरा कॅमेरा आणायचा आणि सकाळी नऊला बाबांच्या नकळत अदलाबदल करायची. मापं तीच होती. फरक कोणाला कळणार?

अठ्ठावीस तारखेला दुकानात गेलो. तिथल्या विक्रेत्या बाईंनी कपाट उघडलं, आणि ज्या मॉडेलसाठी मी पुठ्ठा, वाळू आणि चारित्र्य पणाला लावलं होतं ते फक्त एकच उरलं होतं, आणि ते लालभडक होतं.

काळा यायला पंधरा दिवस लागतील, त्या म्हणाल्या, आणि लाल काय वाईट आहे, किती उठून दिसतो.

मला उठून न दिसणारा हवाय, मी म्हणालो, ज्याचा फोटो काढायचा त्याला कळता कामा नये.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन त्यांनी दुकानाच्या मालकांना आणलं. मालकांनी माझं नाव, पत्ता आणि ओळखपत्र मागितलं आणि विचारलं, की कोणाचा फोटो काढायचाय. वडिलांचा, मी म्हणालो. लपून? हो. का? मी नियम क्रमांक सहापासून पंपापर्यंत सगळं सांगितलं. सांगताना माझ्याच लक्षात येत होतं की मधेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. शेवटी खात्री पटावी म्हणून खिशातला पुठ्ठ्याचा कॅमेरा काढून दाखवला. मालकांनी तो उलटसुलट करून पाहिला, टिक करून पाहिला, आणि एकदम सौम्य आवाजात बाईंना म्हणाले, की यांना पाणी द्या.

लाल कॅमेरा घेऊन घरी आलो. रंग लावावा तर आत जाईल. शेवटी स्वतःलाच धंद्याची शपथ घातली आणि पुठ्ठ्याच्या कॅमेऱ्याची कातडी सोलली. वाळू ओतून टाकली, पेनाचा खटका काढला, घड्या मोकळ्या केल्या, लेन्सच्या आणि मागच्या पडद्याच्या जागी भोकं पाडली, तो काळा अंगरखा लाल कॅमेऱ्याला चढवला, आणि लेन्सवर औषधाचं झाकण अलगद टेकवलं. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. तपकिरी बटण खऱ्या बटणाच्या बरोबर वर आलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीतलं माझं सर्वांत चांगलं खोकं ते, आणि ते मी कारखान्यात कोणालाही दाखवू शकत नव्हतो. खोक्यात माल घालणारे पुष्कळ झाले. मालाला पुठ्ठ्याचं सोंग देणारा मी पहिलाच असेन.

एकोणतीस तारीख, सकाळचे नऊ. बाबा खिडकीजवळ बसले होते. ऊन त्यांच्या खांद्यावर मांजरासारखं येऊन बसलेलं. बायको भांडी घासायचं सोडून ओल्या हातांनी दारात उभी राहिली. मी कॅमेरा खिशातून काढला, सहज काढतोय असं दाखवत, डोळ्याशी नेला, आणि चालू केला.

कॅमेरा गायला. सगळेच नवे कॅमेरे चालू होताना गातात, हे मी विसरलो होतो. तीन सुरांची छोटी धून, वाढदिवसाच्या कार्डासारखी. मागोमाग घरघरत लेन्स बाहेर आली, गोगलगायीनं डोकं काढावं तशी, आणि तिनं ढकललेलं झाकण खाली पडून फरशीवरून गोल गोल फिरत बाबांच्या पायाशी जाऊन आडवं झालं.

स्वयंपाकघरातून नळ ठिबकताना ऐकू येत होता. या वेळी तो खरंच चालू राहिला होता, पण बाबा उठले नाहीत. त्यांनी वाकून झाकण उचललं आणि चष्म्याजवळ नेलं.

"माझ्या खोकल्याच्या औषधाचं," ते म्हणाले.

माझे कान गरम झाले. दोन्ही, नियमाप्रमाणे.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"पंपाच्या वेळी तू तो उलटा धरला होतास. झाकण तुझ्या डोळ्याकडे, पाठ कमिटीकडे. सात माणसं उभी होती, एकाच्याही लक्षात आलं नाही." त्यांचा पेपर मांडीवर पुन्हा थरथरला आणि थांबला. वारा नव्हता.

"मग माझ्यासमोर रोज बसत का होतात?"

बाबांनी हात पुढे केला. मी कॅमेरा दिला. त्यांनी तो उघडून बघितला नाही, की लाल रंग कुठून डोकावतोय ते पाहिलं नाही. अंगठा फक्त त्या तपकिरी बटणावरून फिरवत राहिले.

"हे तिच्या स्वेटरचं," ते म्हणाले. "वरून दुसरं. नेहमी सैल असायचं. बोलता बोलता तेच पिरगाळत बसायची."

मला डबा आठवला. हाताला लागलं ते मी घेतलं होतं, बस.

बाबा खिडकीतून बाहेर बघत बोलू लागले, कोणाला सांगतोय असं नाही, नुसतंच. शेवटचा फोटो काढताना तिच्या अंगात तोच स्वेटर होता. आईला हसू आवरत नव्हतं. त्यांनी बजावलं, थांब, मी सांगतो. ढग आला होता. तो सरकायची वाट पाहिली. ढग सरकला, ऊन आलं, आणि त्यांनी फोटो काढला.

"सांगायचं राहिलं," बाबा म्हणाले.

"विसरलात तुम्ही. दर वेळी विसरायचात."

"दर वेळी विसरायचो. म्हटलं, घरभर तर हसत असते, एका फोटोत नाही आलं तर काय बिघडलं. आता अल्बम काढला की सगळ्या पानांवर ती माझ्याकडे बघत थांबलेली आहे." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मग वाटलं, आपण तरी कशाला कुठं दिसायचं. तुझा पुठ्ठ्याचा होता, तो बरा होता. त्यात कोणी अडकत नव्हतं."

मी म्हटलं की राहू दे, बाबा, कार्डाचं मी बघतो काहीतरी. काय बघणार होतो, देव जाणे. बायको म्हणाली, हवं तर त्या बाईंकडे मी जाते. ती ओल्या हातांनी गेली असती तर नियम क्रमांक सहा भिंतीवर राहिला नसता.

"नको," बाबा म्हणाले आणि कॅमेरा माझ्याकडे दिला. "काढ. त्या खुर्चीत पोस्टमास्तर बसायला टपलाय. कान दिसतायत ना?"

दिसत होते. डोळे उघडे होते. ओठ नियमानुसार बंद होते. मी बटण दाबलं. टिक झालं नाही, नुसती हलकी खसखस झाली, पेपरचं पान उलटल्यासारखी. (दुसऱ्या दिवशी कार्डवाल्या बाईंनी त्या फोटोवर चारही बाजूंनी पट्टी ठेवली, खूप वेळ चूक शोधली, आणि सापडत नाही म्हटल्यावर नाइलाजानं शिक्का मारला. खुर्ची शाबूत आहे. अबोलाही.)

मला वाटलं, झालं. मी कॅमेरा खिशात घालायला गेलो, तर बाबा उठून उभे राहिले आणि पुन्हा हात पुढे केला.

"आण इकडे. तुम्ही दोघं त्या भिंतीपाशी व्हा."

बायकोनं घाईघाईनं हात पदराला पुसले. आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. बाबांनी कॅमेरा पोटाशी धरला आणि वरून आत डोकावले. वरून काही दिसत नाही, मागे पडदा आहे, असं मी म्हणणार होतो, पण म्हणालो नाही. काळा कागद एका कोपऱ्यात सुटून लोंबत होता आणि खालून लाल दिसत होतं.

"मी सांगेपर्यंत हसायचं नाही," बाबा म्हणाले.

माझं तोंड आपोआप मिटलं. पंचेचाळीस वर्षांची सवय. बायकोला ती सवय नाही, त्यामुळे तिच्या खांद्याला बारीक हादरे बसू लागले आणि ते माझ्या दंडाला जाणवत होते. बाबा दोन पावलं मागे गेले. एक पुढे आले. कॅमेरा तिरपा केला, सरळ केला. खिडकीतलं ऊन जरा मळभलं, तसे ते थांबले. मीही थांबलो. आता विसरणार, मला वाटलं, आता खसखस होणार, आणि आम्ही दोघं जन्मभर दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे दिसणार.

ऊन परत आलं. बाबांचं बोट बटणावर होतं, पण दाबलं नाही. त्यांनी कॅमेऱ्यातून मान वर काढली आणि आमच्याकडे पाहिलं, आधी सुनेकडे, मग माझ्याकडे, मग आमच्या शेजारी भिंतीपाशी जी मोकळी जागा होती तिच्याकडे.

"हं," ते म्हणाले. "येऊ दे त्या पाहुण्याला आत. हसा आता."